धुरीपर्यंतचा सिनेमा

काकूचा फोन आला तेव्हा मी नगरला घरी भाजी निवडत होते. तिच्या नातीला शाळेत आकडी आली होती. पोरीचे आईबाप पुण्याला कंपनीत, ती गावी आजी-आजोबांकडे. "गुरवारी देवऋषीकडं न्यायचं ठरलंय," काकू म्हणाली. कोणी ठरवलं हे विचारायची गरज नव्हती. त्या घरात सगळं काकाच ठरवतात.

माझं टाळकं सरकलं. काकूचा एक डोळा याच उपचारानं गेलाय. लग्नानंतर तिलाही आकडी यायची. बाहेरचं आहे म्हणून देवऋषीनं तिला मिरच्यांची धुरी दिली आणि डोळ्यात कायमचं फूल पडलं. आता त्याचा मुलगा तेच करतो. धुरी सुरू व्हायच्या आधी म्हातारा देवऋषी अंगारा आणि लिंबू यांवर भागवायचा. धुरीचं खूळ गावात आलं ते एका सिनेमातून, व्हिडिओवर पाहिलेल्या.

भुताचा विनोदी सिनेमा होता. गणपतीत मंडळानं व्हीसीआर भाड्यानं आणलेला, काका मंडळाचे अध्यक्ष. पडका बंगला, नवी नवरी, पांढरी चादर पांघरलेलं भूत आणि एक ढेरपोट्या मांत्रिक. तो नवरीला धुरी देतो, ती किंचाळत उठते, भूत खिडकीतून धूम ठोकतं. आम्ही पोरं हसून लोळलो होतो. सिनेमा तिथंच संपतो, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

फोन ठेवल्यावर रागाच्या भरात मी तो मोबाईलवर शोधून काढला. म्हटलं, बघू तरी कोणत्या गाढवांनी बनवलाय. तर धुरी झाल्यावरही सिनेमा चालूच! नवरी पुन्हा कोसळते. गावात आलेली डॉक्टरीण सांगते, हा आजार आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. चादर पांघरून फिरणारा मांत्रिकाचाच चेला निघतो. मग लोक मांत्रिकाचंच तोंड धुरीवर धरतात, आणि तो कान पकडून, शिंकत शिंकत ओरडतो, "सांगतो, सांगतो!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण याची नक्कल मला पाठ होती. व्हिडिओ यायच्या आधी काका रोज ओट्यावर बसून आम्हा पोरांना तीच करून दाखवायचे. कान पकडलेले, नाक वर, शिंकत शिंकत "सांगतो, सांगतो!" म्हणजे त्यांनी नेवाशाच्या टॉकीजला अख्खा सिनेमा पाहिला होता. त्यांना शेवट ठाऊक होता. आणि गणपतीत व्हिडिओ लावला त्या दिवशी देवळासमोर देवऋषी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता. धुरीचा प्रसंग संपला तसे काका उठले, बटण दाबलं आणि कॅसेट अडकली, पण सिनेमा संपलाच होता, असं म्हणाले.

गावानं धुरी तेवढी पाहिली. पुढं काकूला आकडी आली तेव्हा लोक म्हणाले, सिनेमात दिली तशी धुरी द्या. हे सगळं थोतांड आहे हे ठाऊक असलेला माणूस तिचा नवरा होता, आणि त्यानं तोंड उघडलं नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच मोठमोठ्यानं शिव्या देत होते.

बुधवारी पहिल्या एसटीनं गाव गाठलं. काका टीव्हीसमोर बसलेले, काकू शेंगा फोडत होती, पोर अभ्यासाला. मी मोबाईल टीव्हीला जोडून तो सिनेमा लावला. सुरुवातीला काकाही हसले. धुरी आली तसे म्हणाले, "बास कर आता." मी रिमोट सोडला नाही. "आज पुरता बघायचा, काका."

काकूनं मान जरा वळवून, चांगला डोळा पडद्याकडे करून शेवटपर्यंत पाहिलं. मांत्रिक शिंकायला लागला तशी पोर खदखदून हसली. काकूचे हात थांबले.

"हे तुमाला ठाव हुतं?" तिनं विचारलं.

काका दाराकडं बघत म्हणाले, "जुनं उकरून काय करायचं? तवा चारचौघं हुती. देवऋषीचा पानउतारा कसा करनार?"

"आन् धुरीवर माजी मान दाबून धरली हुती, ती कोनी?"

 मला पुष्कळ बोलायचं होतं, वाटेतच जुळवून ठेवलं होतं सगळं. काकूनं हातानंच मला गप्प केलं.

"दप्तर ठिव," ती नातीला म्हणाली. "आत्यासंगं नगरला जायचंय, डाक्टरकडं. मी बी येते."

काका उठून दारात उभे राहिले. "सरका," काकू म्हणाली. तिनं त्यांना असं काही कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते सरकले.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही तिघी लिंबाखाली थांबलो. मी अजून धुमसतच होते, काकांना जे बोलायचं राहिलं ते काकूलाच ऐकवत होते. पोर जरा लांब गेली तशी काकू हळू आवाजात म्हणाली, "मला बी आजून येती कवा कवा, रानात. एकटीच पडून ऱ्हाते, थांबली की उठते. घरात कळू दिलं न्हाई कदी. पुन्यांदा मान धरली आस्ती."