वेळेआधी पोचलेली पेटी

मार्गशीर्षातल्या सकाळी ओतूर मागे टाकून मढच्या दिशेने निघालं, की गाडीच्या उघड्या काचेतून झोडलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास आत येतो. धरणाच्या पाण्यावरचं धुकं अजून पुरतं उठलेलं नसतं, उन्हाला धार आलेली नसते, आणि खळ्याखळ्यांवर पेंढ्या आपटल्याचा आवाज लयीत चाललेला असतो. त्या दिवशी बाहेरून हा वास येत होता आणि पाठीमागून, माझ्याच गाडीतून, फिनेलचा, उदबत्तीचा आणि शिळ्या झेंडूचा. दोन्ही वास एकदम नाकात आले की माणसाला नेमकं काय वाटायला हवं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

माझा धंदा तातडीचा. वारूळवाडीत माझी बंद पाठीची एक छोटी गाडी आहे. मालक मी, ड्रायव्हर मी आणि बहुतेक वेळा हमालही मीच. ज्याला एखादी वस्तू 'आत्ताच्या आत्ता' हवी असते, त्याचा फोन मला येतो. नर्सरीतून निघालेली टोमॅटोची रोपं उन्हं चढायच्या आत वावरात पोचवायची, विहिरीवरची जळालेली मोटर दुरुस्त करून आणायची, लग्नघरी ऐनवेळी कमी पडलेली पातेली न्यायची. मराठी घेऊन बी. ए. झालो, त्याचा उपयोग एवढाच की लोकांच्या घाईची जात ओळखता येते. बायको म्हणते, "जेवायला बी तुमी भाडं असल्यावाणी बसता." ती हे टोमण्याने म्हणते आणि मला ते उगीचच कौतुक वाटतं.

सगळ्यांत अवघड घाई शीतपेटीची. आमच्या मंडळाने वर्गणी काढून ही पेटी घेतली आहे. गेलेल्या माणसाची मुलंबाळं लांबून यायची असली, की त्यांना मुखदर्शन व्हावं म्हणून देह तोवर त्या काचेखालच्या गारव्यात ठेवतात. पेटी एक आणि गावं उदंड, त्यामुळे ती नेहमी कुठेतरी गेलेलीच असते. या भाड्याचा एक अलिखित शिष्टाचार आहे: फोनवर कोण गेलं, कधी गेलं, हे विचारायचं नाही. पत्ता घ्यायचा आणि निघायचं. मढजवळच्या वाडीतून संतोषचा फोन आला तेव्हा मी तेच केलं. "आण्णांसाठी, माझ्या चुलत्यासाठी, पेटी पायजे भाऊ, लगीच निघा," इतकंच तो बोलला आणि मी निघालो.

अंगणात पांढऱ्या टोप्या बसलेल्या होत्या, भिंतीकडेला पदर ओढून घेतलेल्या बाया होत्या. चित्र ओळखीचं होतं. मी उतरलो, चेहरा त्या कामाला शोभेल असा केला आणि मागच्या दाराच्या कडीला हात घातला. तेवढ्यात ओसरीवर, कोवळ्या उन्हात टाकलेल्या बाजेकडे लक्ष गेलं. बाजेवर एक म्हातारा गृहस्थ झोपला होता आणि त्याच्या छातीवरची गोधडी हलत होती. वर जायची, खाली यायची, थोडी थांबायची आणि पुन्हा वर जायची.

संतोष लगबगीने आला, तिशीतला, डोळे जागरणाने सुजलेले. "दार नका उघडू भाऊ," तो कुजबुजला. "गाडी तिकडं लिंबाखाली घ्या. आण्णा अजून हायेत."

"मग पेटी?"

"डॉक्टर म्हणला व्हता, सकाळ बी निघायची न्हाई. आन् दत्तादादा, त्यांचा पोरगा, दुबईवरनं निघालाय, संध्याकाळपर्यंत येतोय. म्हटलं ऐन येळेला पेटी दुसरीकडं गेली म्हंजे? त्याला बापाचं त्वांड तरी दिसाया पायजे का न्हाई?"

त्याचं चुकलं होतं असं मला म्हणता येईना. मी गाडी लिंबाखाली घेतली. कुणीतरी चहा आणून दिला, आत्तापर्यंतच्या कुठल्याही भाड्यावर मिळाला नाही इतका चांगला, आलं घातलेला. तो पिताना मला आयुष्यात पहिल्यांदा वाट पाहण्याची भीती वाटली. रोपांची वाट पाहतात, पाहुण्यांची पाहतात. मी लिंबाखाली बसून कशाची वाट पाहत होतो? लवकर मोकळं व्हावं असं मनात आलं, तर मी एका जिवंत माणसाचं मरण मागत होतो. खूप उशीर व्हावा असं म्हणावं, तर त्या श्वासांचे कष्ट इथवर ऐकू येत होते. समोरच्या खळ्यावर माणसं भात झोडत होती, चिमण्या दाण्यांवर उतरत होत्या, उन्हाचा कवडसा बाजेच्या पायाशी सरकत होता, आणि मी शुंभासारखा रिकामा कप हातात धरून होतो. गोधडी वर गेली की मला बरं वाटे. ती खाली राहिली की मीही श्वास रोखून बसे. ज्या माणसाचं पूर्ण नावही मला ठाऊक नव्हतं, त्याच्या श्वासाला माझा श्वास असा का बांधला गेला, हे कोडं मला उलगडलेलं नाही.

मग मंडळाचा फोन आला. घोडेगावच्या बाजूला एका घरी खरोखरच माणूस गेलं होतं, मुलगी लांबून यायची होती आणि पेटी हवी होती. मी संतोषला बाजूला घेऊन सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "राव, तुमी गेला आन् हिकडं काय झालं तर दादाला मी काय सांगू?" इथे थांबलो तर तिथल्या मुलीवर अन्याय, तिथे गेलो तर इथल्या मुलावर. मी किल्ली खिशातून काढली आणि परत खिशात घातली.

"काय बोलताय रं?" आण्णांची बायको, सत्तरीची, ओसरीवरून उठून आमच्यापर्यंत आली होती. संतोषने मान वळवली. तिने गाडीकडे बोट केलं. "ह्यात काय हाय?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण जिभेने साथ दिली नाही. "पेटी हाय, मावशी."

तिने गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल किंवा मला शिव्या घालेल, आणि दोन्हींचा तिला हक्क होता. "दुसरीकडं बी पायजे का?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. "मग जावा की. त्यांचं माणूस गेलंय. आमचं हाय अजून."

संतोष काही बोलायला लागला, त्याला तिने हाताने गप्प केलं आणि ती घरात गेली. परतली ती सुपात नव्या भाताचे पसाभर तांदूळ आणि एक नारळ घेऊन. मला दार उघडायला लावलं, पेटीचं झाकण उचलायला लावलं आणि लेकीची ओटी भरावी तसे ते तांदूळ आणि तो नारळ तिने त्या काचेखाली ठेवले. बायांमध्ये कुजबुज झाली, "अगं, असलं काय करतीस?" असं कुणीतरी म्हणालं. ती शांतपणे म्हणाली, "दारात आल्यालं माघारी रिकामं जात न्हाई आमच्या हितनं."

मी निघालो. ओतूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन ते तांदूळ आणि नारळ फडक्यात बांधून शेजारच्या सीटवर ठेवले, कारण दुसऱ्याच्या दुःखाच्या घरी हे कसं न्यायचं? पण घरी नेऊन शिजवायचं, देवापुढे ठेवायचं की नदीत सोडायचं, तेही सुचेना. ती ओटी पाहुण्याची होती की मरणाची, की तिने त्या दोघांत काही भेदच केला नव्हता?

तेवढ्यात संतोषच्या नंबरवरून फोन आला. तो मी लगेच उचलला नाही, दोनतीन रिंग जाऊ दिल्या. पण आवाज मावशीचा होता.

"पोचला का, पावणं?"

"न्हाई मावशी, वाटंतच हाय."

"बरं," ती म्हणाली. मागे कुणाचं रडणं ऐकू येतं का, म्हणून मी कान टवकारले. फक्त भात झोडल्याचा आवाज येत होता. आण्णा कसे आहेत हे मला विचारवलं नाही आणि तिने सांगितलं नाही. "सावकाश जावा," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

पुढे एक घर माझी वाट पाहत होतं, आणि मागून हे शब्द आले होते. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि किती वेगाने जावं हे मला कळेना.