अर्धं भांडं

आपा दुधाची काचेची बाटली आधी उजेडाकडे धरायच्या. मग ती तिरकी करून काचेवरून दूध कसं उतरतं ते बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "आज पोहता येईल यात." दूध घट्ट असलं तर, "आज नाही पोहता येणार." कौतुक म्हणून एवढंच. कसबा पेठेत दुकानात उभ्या राहणाऱ्या कुणालाही विचारा, एवढंही पुष्कळ असतं.

मी किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत या दुधाच्या दुकानात कामाला लागलो. गल्ली त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी मात्र मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय किनवट, आज आपण वेळेवर उठलात वाटतं," अशी सुरुवात व्हायची. अहो-जाहो करून माणसाला किती बारीक करता येतं, हे पुण्यात राहिलेल्यांना मी काय सांगणार.

आपा मोठ्या दवाखान्यात होत्या. ऑपरेशनसाठी हृदय थांबवतात, तेवढा वेळ रोग्याचं रक्त फिरवत ठेवणारं मशीन त्या चालवायच्या. हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एवढं टोचून बोलतात म्हणजे शाळेत शिकवत असणार, असं मी धरून चाललो होतो.

कळलं ते माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हा. रक्त देणारी माणसं आणा, असं आपांच्याच दवाखान्यानं सांगितलं. आमचं माणूस पुण्यात एकही नाही, आणि गावाकडे सगळे कापूस वेचणीत अडकलेले. मी स्वतः गेलो तर माझ्याच अंगात रक्त कमी निघालं. आपांना हे सांगितलं तेव्हा बाटलीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "माल सगळा आम्हालाच विकता वाटतं. घरी काय पिता?"

मग त्यांनी समजावलं, की ऑपरेशनात सांडलेलं रक्त वाया जात नाही. ते नळीनं ओढून घेतात, एका गरगर फिरणाऱ्या भांड्यात सलाईननं धुतात आणि ज्याचं त्याला परत देतात. धुण्याचं पाणी ज्या नळीतून बाहेर पडतं, तिच्यामागं त्या बोट धरायच्या. पाण्याआडून बोटावरच्या रेषा दिसल्या की त्यांचं समाधान.

मला धीर यावा म्हणून त्यांनी हे सांगितलं. मला धडकीच भरली. आमच्या दुकानामागं सेपरेटर आहे. त्यातही दूध असंच फिरतं. साय एका तोटीतून येते, सत्त्व गेलेलं पातळ दुसरीतून. माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी विचारलंच, "आपा, साय काढलेलं रक्त देणार का तिला?"

आता पोहण्यावरून काहीतरी येणार, असं मला वाटलं. पण त्यांनी बाटली फळीवर ठेवली.

"आमच्याकडे उलटं असतं. जड लाल भाग भांड्याच्या कडेला धरून राहतो, तो कामाचा. पातळ तेवढं फेकतो."

"पातळातही काही कामाचं असेलच ना?"

"असतं. रक्त गोठवणारं जे असतं, ते धुण्यात जातं. म्हणजे धुतलेलं रक्त चांगलं, पण पुरं नाही. कमी पडलं तर रक्तपेढीतून घेऊ." मग बाटली उचलून म्हणाल्या, "दूधवाल्याला पाणी घालून उत्तर देता येत नाही. लगेच ओळखतात."

त्यानंतर मी जेवलो.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून होतो. दुपार उलटल्यावर आपा आल्या. "सुरेखाबाई ठीक आहेत," म्हणाल्या आणि त्याच सुरात, "शेवटचं भांडं अर्धंच भरलं. ते फेकलं."

"तिचं रक्त फेकलं?"

"अर्धं भांडं नीट धुतलं जात नाही, घाण मागं राहते. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं द्या. मी म्हटलं, दुधात घाण असली तर आपण असं म्हणता का? हसले. पेढीतली एक पिशवी लावली."

पिशवी कुणाच्या रक्ताची, ते सांगत नाहीत. मी हात जोडले, पण ते कुठल्या दिशेनं जोडायचे ते कळेना. आपांनी तेवढ्यात बघून घेतलं. "पुण्यातलंच कुणीतरी असणार. आता दुपारी झोपल्याशिवाय राहायच्या नाहीत त्या. सवय करून घ्या."

सुरेखा आता खरंच दुपारी झोपते. आपा निवृत्त होऊन मुलाकडे कोंढव्याला गेल्या. तिकडे पिशवीचं दूध घेतात म्हणे. पिशवीतून त्यांना काय दिसत असेल, कोण जाणे.

दुपारी दुकान बंद करताना मी सेपरेटर धुतो. शेवटचं पाणी काचेच्या पेल्यात धरतो, मागं बोट लावतो. रेषा स्वच्छ दिसतात. तरी पेला उजेडाकडे तिरका करून जरा वेळ थांबतो.

कुणी काही म्हणत नाही. मग आणखी एकदा धुतो.