जाळं फेकता येईल असा रेनकोट

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि माझी दोन्ही वल्ही माझ्या बायकोनं लपवून ठेवली होती.

भांडण वगैरे काही झालं नाही. सकाळी उठलो, ओसरीच्या कोपऱ्यात हात घातला, तर कोपरा रिकामा. विचारलं तर म्हणाली, "आहेत सुखात." तिच्या जावेच्या माळ्यावर होती हे मला संध्याकाळी कळलं. पण मी मागितली नाहीत. मागणं माझ्या स्वभावात नाही.

आमचं गाव नाशिकच्या पश्चिम अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर. दारातून हाक मारली तर पाण्यावरचा माणूस ओ देतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. हे लिहितोय तेही अक्षराला अक्षर जोडून, तेव्हा लिहिण्यातली चूक वाचणाऱ्यानं पोटात घालावी. मासे धरण्यातली चूक मात्र कोणी काढू नये.

पावसाळ्यातली बंदी उठली की भादव्यात आम्ही होड्या पाण्यात घालतो. ते दिवस फार वाईट. ऊन असं की होडीच्या फळीवर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि मध्येच डोंगराकडून सर येते, झोडपून काढते, निघून जाते, की परत तेच ऊन. उभा जन्म मी असाच भिजलो आणि अंगावरच वाळलो. पण आदल्या वर्षी न्यूमोनिया झाला, दवाखान्यात पडून राहिलो. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आता भिजायचं नाही."

"डॉक्टरसाहेब, मी मासे धरतो. शेळ्या नाही वळत."

डॉक्टर हसले. बायको हसली नाही.

आमचा मुलगा नाशिक रोडला नोकरीला. त्यानं प्रेमानं एक रेनकोट आणून दिला. काळा, जाड, रबरी, पँटीसकट. आत पाण्याचा थेंब शिरायचा नाही, हे खरंच. पण वाराही शिरायचा नाही. भादव्यात बंदी उठल्यावर पहिल्यांदा तो घालून पाण्यावर गेलो. सर आली आणि गेली, ऊन तापलं, आणि हंडीत झाकण ठेवून शिजायला घातलेल्या रताळ्यासारखा मी त्या कोटात शिजलो. काढावा म्हटलं तर ओल्या अंगाला चिकटून बसलेला. डोळ्यांपुढं काजवे आले आणि मी जाळ्यावर आडवा झालो. शेजारच्या होडीतल्या माणसांनी ओढत काठाला आणलं. कोट ओढून काढला तर बाह्यांतून घाम सांडला. बायको तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवशी वल्ही गेली.

तिची अट एकच. "भिजायचंही नाही आणि शिजायचंही नाही. असं काही अंगात घालून दाखवा, वल्ही देते. नायतर होडी उलटी करून तिच्यावर गोवऱ्या थापते."

आमच्याकडे होडी उलटी पडली की येणारे-जाणारे समजतात, या घरातला माणूस पाण्यावरून उठला. म्हणजे आता तो ओसरीवर बसून खोकणार. मला ते जमणार नव्हतं.

मग मला इरलं आठवलं. बायकोचं माहेर पेठकडचं, डोंगरातलं. तिकडे भात लावताना इरलं घालतात. बांबूच्या कामट्यांची वीण, मध्ये पळसाची पानं दाबून बसवलेली, आकार होडी उलटी धरावी तसा. डोक्यावरून पाठीवर सोडलं की पाऊस वरून ओघळून जातो आणि खालून पोटाला वारा लागतो. उकडायचा प्रश्नच नाही. मी मेहुण्याला निरोप धाडला. बिचारा एसटीत इरलं मांडीवर घेऊन आला, दोन माणसांचं तिकीट काढायला लावतात की काय या भीतीनं.

बायकोनं इरलं बघितलं आणि मान हलवली. "अहो, इरलं वाकलेल्याचं असतं. तुम्ही होडीत उभे राहता."

"स्वतःच्या माहेरच्या वस्तूला नावं ठेवतेस?"

"नावं नाही ठेवत. वारा बघते."

मी ऐकलं नाही. परीक्षेपुरती वल्ही मिळाली. काठाजवळच, छातीएवढ्या पाण्यात होडी घातली. झिमझिम सुरू होती. बसून वल्हवलं तोवर राजासारखं वाटलं, पाठ कोरडी, पोटाला गार वारा. मग जाळं फेकायला उभा राहिलो. धरणाच्या भिंतीकडून जो वारा आला तो थेट इरल्यात शिरला. होडी जागच्या जागी फिरली. मी हात वर केले, इरलं उचललं गेलं, आणि इरलं, जाळं, मी, सगळे एकदम पाण्यात.

काठावरून शेजारी ओरडला, "आबा, संक्रांत लांब हाय अजून! पतंग आत्ताच उडवताय व्हय?"

मेहुणा इरल्यामागे पाण्यात धावला. "दाजी, त्याचा काय दोष हाय? त्याला भात लागतो, मासा नाय!"

बायको इतकी हसली की पदराचा बोळा तोंडात घालावा लागला. मी चालत काठाला आलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू एकाएकी गेलं.

"भिजलात," म्हणाली.

वल्ही परत माळ्यावर.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं मला तोंड धुऊ दिलं, चहा दिला, आणि मग सांगितलं, "चला, नाशकात द्वारकेला जाऊ. तिथं रेनकोटाचं दुकान बघून ठेवलंय मी."

मी म्हटलं, दुकानातला कोट एकदा भोगलाय. ती म्हणाली, तो मुलानं घेतला होता, त्यानं कधी जाळं फेकलंय? गेलो.

दुकान छत्र्यांनी भरलेलं. दुकानदार माझ्याहून लहान पण टक्कल माझ्याहून मोठं. मी सांगितलं, पाणी आत यायला नको, वाफ आत राहायला नको, आणि भाव ऐकून परत चक्कर यायला नको.

त्यानं आधी स्वस्तातला प्लॅस्टिकचा काढला. मी त्याचं कापड ओठांना लावलं आणि जोरानं फुंकलं. मागच्या बाजूला हात धरला होता. वाऱ्याचं नाव नाही, गाल मात्र फुगले.

"बाबा, अहो, उष्टं करताय काय कापड?"

"याच्यातून माझा श्वास जात नाही, तर घाम काय जाणार?"

मग त्यानं काचेच्या कपाटातला एक काढला. डोंगर चढणारी माणसं घेतात म्हणे. "हे ब्रीदेबल आहे बाबा. कापड श्वास घेतं."

"आणि जेवतं काय?"

बायकोनं मला कोपर मारलं. मी तोही फुंकून पाहिला. काही गेलं की नाही, देव जाणे. भाव विचारला. तेवढ्यात मला नवं जाळं आलं असतं, वर दोर. मी तो तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा हळूच परत ठेवला.

तेव्हा त्यानं खालच्या फळीवरचा गठ्ठा सोडला. स्कूटरवाले घेतात ते कोट. पातळ नायलॉन, आतून चिकटू नये म्हणून सुती जाळीचं अस्तर. पाठीवर खांद्याखाली कापडाची आडवी झालर, आणि झालर उचलली तर खाली कोट कापलेला आणि त्या जागी जाळी. काखेतही तशीच भोकं. पाऊस झालरीवरून खाली घसरतो, वाफ जाळीतून वर निघते. भावही आवाक्यातला. आणि खरं सांगायचं तर, जाळी बघितल्यावर माझं मन बसलं. जाळ्यानं मला कधी फसवलेलं नाही.

अंगात चढवला आणि दुकानदाराला म्हटलं, "सरका."

"का?"

"जाळं फेकायचंय."

तो सरकायच्या आत मी पाय रोवले. डाव्या कोपरावर जाळं घेतलं, शिशाच्या मण्यांची कड दातात धरली, कमरेतून फिरलो आणि फेकलं. जाळं नव्हतं, पण हात खरेच होते. छत्र्यांची एक रांग आडवी झाली. काखेत शिवण करकरली.

"दोन नंबर मोठा द्या," बायको म्हणाली. ती माझ्या पाठीमागून वाकून बघत होती, बैल घेताना बघतात तशी.

मोठा घातला, पुन्हा फेकलं. या वेळी दुकानदारानं छत्र्या आधीच कवटाळून धरल्या होत्या. कोट कुठं ओढला नाही, आत वारा फिरायला जागा राहिली. एक गिऱ्हाईक बाई दारातूनच परत गेली.

"हात वर केले की बाहीतून पाणी काखेत उतरेल," बायको म्हणाली.

"मनगटाला इलास्टिक आहे ना मावशी."

"मग वारा कुठून जायचा? आधी पैसे घ्या, मग कात्री द्या."

"कात्री कशाला?"

"बाह्या कोपरापर्यंत कापते. ह्यांचे हात जन्माचे ओले, त्यांना काय होत नाय. आणि पँट ठेवून घ्या तुमची. पाय भिजून ताप येत नाय. छाती आणि पाठ झाकली पाहिजे."

"मावशी, सेट आहे तो."

"मग अर्ध्या सेटाचा भाव बोला."

बोलला बिचारा. डोक्यावरच्या टोपीचाही निकाल तिनंच लावला. कोटाची टोपी चढवली तर कान झाकतात, मागून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही, म्हणून ती मागे टाकायची आणि वर आपली नेहमीची रुंद कडेची हॅट घालायची. एवढं सगळं ठरलं, कात्री उचलली गेली, आणि मग आम्ही रंगावर अडलो.

त्या मापात दोनच होते. एक गडद निळा, एक पिवळा. पिवळा म्हणजे झेंडूच्या ढिगासारखा. मी निळा धरला.

"पिवळा घ्या," ती म्हणाली.

"लग्नातला घोडा दिसेन मी. मासे पळून जातील."

"मासे जाऊ द्या. निळ्यात तुम्ही मला दिसत नाय."

"तुला कशाला दिसायला पाहिजे?"

तिनं कात्री खाली ठेवली. दुकानदार छत्र्या लावत होता, तोही थांबला. "काठावरून होडी ओळखू येते मला. पण माणूस उभा हाय का पडलाय, ते कळत नाय. त्या दिवशी काळा कोट आडवा झाला, तर मला वाटलं जाळ्याचा ढीग हाय. मी भांडी घासत बसले. लोकांनी तुम्हाला ओढून आणलं, तेव्हा मला कळलं."

इतकी वर्षं ती पाण्यावर भांडी घासायला येते. घरात नळ आला तरी येते. मी समजत होतो, तिला नळाचं पाणी आवडत नाही.

मी निळा कोट घडी करून दुकानदाराच्या हातात दिला. तिनं पिवळ्याच्या बाह्या कापल्या.

संध्याकाळी अंगणात शेवटची परीक्षा झाली. मी कोट घालून जाळं फेकतोय आणि ती पाठीवर हंड्यानं पाणी ओततेय, असा तमाशा गल्लीनं बघितला. मग तिनं कोटाखालून आत हात घातला आणि पाठीवर फिरवला. खरखरीत हात, बऱ्याच दिवसांनी तसा फिरला.

"पाणी नाय," म्हणाली. "घाम हाय थोडा."

"माणूस आहे मी. थोडा येणार."

"थोडा चालेल."

हात लुगड्याला पुसून ती जावेच्या घरी गेली आणि दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ढगाचा ठिपका नाही, ऊन उगवतानाच तिखट. बाकीचे उघड्या अंगानं होड्या ढकलत होते. मी पिवळा कोट घालूनच उतरलो. शेजारी म्हणाला, "आबा, हळद लागली का काय या वयात?" मी म्हटलं, "लागली." वल्हवत मध्यापर्यंत गेलो. काठावर ती भांडी घेऊन बसली होती, इथून ठिपक्याएवढी. मी होडीत ताठ उभा राहिलो आणि जाळं फेकलं.