शकूवहिनीचा डावा दिवा

शकूवहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी पेडण्याच्या बाजारात माझ्या दुकानाच्या फळ्या काढत होतो. पुण्याहून पुतण्याचा, महेशचा फोन. “काका, आई गेली,” एवढंच बोलला. तपासणीला म्हणून लेकाकडे गेलेली बाई. निघताना गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली होती, “दादाची बरणी फडताळात आसा, भावजी. मी इलंय काय घेऊन जातलंय.” दादा म्हणजे साखळी गावात राहणारा तिचा थोरला भाऊ, आणि बरणी चेपणीच्या तोरांची, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्यांची. पावसाळ्यात पेजेबरोबर त्याला दुसरं काही चालत नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं ते त्या बरणीच्या आठवणीने.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची घरं एकमेकांना लागून. जन्मभर तिने आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी केली. भाऊ वारल्यावर त्याची जुनी मारुती गाडी मांगराच्या छपराखाली उभी राहिली आणि ती आता विकली जाणार असं आम्ही सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं. वहिनीला कोणी विचारलं नव्हतं. तिने मात्र निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला सुरुवात केली. दादा अंथरुणाला खिळलेला, त्याला बहिणीशिवाय कोणी नाही, आणि पेडण्याहून साखळीला जायचं म्हणजे बस बदलत बदलत. गुडघे तर केव्हाच कुरकुरायला लागले होते. पुढे दर शनिवारी डिकीत तांदूळ, नारळ, केळी भरून ती निघायची. दादा सकाळपासून खिडकीकडे तोंड करून पडलेला असायचा. गाडी चालवायची मात्र अशी, की मागून येणाऱ्याने एक झोप काढून घ्यावी. आमच्या अंगणात वळतानासुद्धा सिग्नल द्यायची. मागे कुत्रंही नसताना कोणाला दाखवतेस म्हणून मी चिडवलं की म्हणायची, सवय माणूस बघून लावायची नसते.

अशा बाईच्या गाडीचा डावा सिग्नल दगा देऊ लागला. कधी लागे, कधी नाही. साखळीच्या पुढे दादाच्या घराकडे डावीकडे वळताना एका शनिवारी तो लागलाच नाही, आणि डाव्या अंगाने घुसलेला एक मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. महेशने फोनवर सांगून टाकलं की आता गाडी विकायची, या वयात हे धंदे नकोत. वहिनीने वाद घातला नाही. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढणार नाही, पण सापडला तर विकायची गोष्ट काढायची नाही, असा तह केला. पुढच्या शनिवारी ती बसने गेली आणि परत आली ती दोन्ही गुडघे धरूनच.

गॅरेजवाल्याने आधीच बल्ब बदलला होता, मग दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला होता. पण गॅरेजात गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखी शहाणी व्हायची. सिग्नल टिकटिक करत लागायचा. तो बिचारा तरी काय करणार? वाडीवर मात्र निदान झालेलं होतं. त्या वळणावर देवचाराची, वाटेच्या राखणदाराची जागा आहे, आणि वहिनीने कधी त्याला विडी ठेवली नव्हती की केळं. आमच्याकडे राखणदाराला विसरलं की गोष्टी बिघडतात, हे लहान पोरही सांगेल. मीही हळूच म्हटलं, ठेवून बघ, खर्च काय त्यात. वहिनीने देवचाराला नाकारलं नाही. फक्त म्हणाली की आधी ताप बघू, मग अंगारा.

हा ताप म्हणजे तिची नोकरी बोलत होती. हिवतापाच्या साथीत ती रक्त घ्यायची ते थंडी वाजून ताप चढला की. “उतारल्यार तपासून काय गावतलां?” ती मला म्हणाली. “चढलेलो आसताना काढूक होया.” म्हणजे सिग्नल बिघडलेला असतानाच गाडी तपासायची, आणि तो बिघडत नसेल तर बिघडवायचा. विचार करता करता तिच्या ध्यानात आलं की दगा नेहमी जाताना होतो, येताना कधीच नाही. येतानाही वळणं आहेत, डावी आहेत. फरक एकच, जाताना डिकी भरलेली असते.

मग अंगणातच तिने डिकीत नारळाचं पोतं चढवायला लावलं, अगदी शनिवारसारखं, डाव्या कोपऱ्यात रेटून. ती पुढे बसली, मी मागे उभा. सिग्नल दिला... दिवा लागलाच नाही. मला तर आनंदच झाला. मग तिने ब्रेक दाबला आणि मी ओरडलो की सिग्नल मेलाय, पण ब्रेकचा लाल दिवा मंद मंद डोळे मिचकावतोय. वहिनी ब्रेकवरचा पाय न काढता म्हणाली, “दोगांकय एकच दुखणां आसा.” दोन्ही दिव्यांत सामायिक काय, ते तिने फोन करून गॅरेजवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, अर्थिंग. दिव्यामागची काळी वायर पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते ती जागा बघा.

पोतं न हलवता ती डिकीत अर्धी शिरली. लुगड्याचा काष्टा बाहेर, डोकं आत. कडेचं अस्तर ओढलं तर मागे तो बोल्ट, हिरवट पांढऱ्या बुरशीसारख्या क्षाराने माखलेला. पोत्याने अस्तर दाबलं की वायर बोल्टावरून सुटायची, पोतं काढलं की पुन्हा टेकायची. वहिनीने बोटाने ती बुरशी पुसली आणि मी नको नको म्हणेपर्यंत बोट जिभेला लावलं. मग डिकीच्या आतूनच हसायला लागली. “तोरांचां पाणी,” म्हणाली. “माज्याच बरणेचां.” गेल्या पावसात दादाची बरणी गतिरोधकावर कलंडली होती, ते खारं पाणी झिरपून गाडीला आतून खात बसलं होतं. पॉलिश पेपरने तिने बोल्ट घासून लख्ख केला आणि वायर पुन्हा आवळली. मग पोत्यासकट, पोत्याशिवाय, ब्रेक दाबून, सगळं करून बघितलं. पुढच्या शनिवारी ती त्या वळणावर थांबली आणि देवचारासमोर विडी आणि केळी ठेवली. आता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली की निरपराध्यावर आळ घेतला होता, माफी नको मागायला? मला या बाईचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. आपली चूक अशी हसत हसत चाटून बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यानंतर बरणी डिकीत कधी गेली नाही. ती पुढच्या सीटवर बसायची, बेल्ट लावून. मी सोबत असलो तर मागे.

परवा महेश आला. दिवसकार्यं आटोपून तो पुण्याला परतला होता, आता घर आवरायला आला. मामाला भेटून येऊया म्हणाला, म्हणून मी किल्ली दिली आणि फडताळातली बरणी काढली. त्याने डिकी उघडून धरली. मी मान हलवली, पुढचं दार उघडून बरणी सीटवर ठेवली आणि बेल्ट लावला. महेश बघत राहिला. त्याला वाटलं, मी पुढे बसेन. मी मागे बसलो आणि म्हटलं, “ती जागा तुज्या आईन बरणेक दिलेली आसा.” रस्ताभर त्याने गाडी विकायची गोष्ट काढली नाही. वळण आलं. मागे पुढे कोणी नव्हतं. महेशने डावा सिग्नल दिला, आणि टिकटिक ऐकत आम्ही सावकाश वळलो. दादा खिडकीकडे तोंड करून पडला होता. गाडी दिसताच तो उठून बसायला धडपडू लागला.