अकरा घरांचा पासवर्ड

धाकट्या बहिणीचं कॉलेज बंद, असं बाबांनी भरल्या ताटावरून उठून जाहीर केलं, तेव्हा मी एका माणसाचा खून करायचं ठरवलं. कोणाचा, ते ठरायचं होतं.

तिच्या ई-मेलवरून तिच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांना घाण पत्रं गेली होती. खाली तिचं नाव, सोबत गॅदरिंगचा फोटो. दोन दिवसांत ती इतकी रडली की गंगापूर धरणाला लाज वाटावी. आमच्या नाशिक रोडला तेव्हा कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की सायबरवाल्याला धरायचं, अशी रीत होती. मी निघालो. "दादा, नको!" करत ती मागे धावली.

प्लायवूडच्या आठ खोक्यांचा तो कॅफे. पहिल्याच ठोशात मी मालकाचं नाक फोडलं. त्याने वायरसकट माऊस गरगरा फिरवून माझी भुवई फाडली. मी की-बोर्ड त्याच्या टाळक्यात घातला. बटणं मुक्तिधामच्या पायऱ्यांपर्यंत उडाली, स्पेसबार म्हणे देवळालीत सापडला. मला आवरायला सोळा जण लागले. बहीण तीन म्हणते. ती पहिल्यापासूनच कंजूष.

"अरे येड्या," मालक रक्त पुसत ओरडला, "मशीन माझं, पण पासवर्ड कोणी ठेवला?"

"मी! खातंसुद्धा मीच उघडून दिलं!"

"काय ठेवलास?"

मी छाती काढून आमच्या घरचा फोन नंबर खणखणीत म्हणून दाखवला.

खोक्यांतून तीन डोकी वर आली. "आयला, हा तर आमचा पीपी नंबर!"

आमच्या कॉलनीत फोन एकट्या आमच्याकडे. शेजारची अकरा घरं तोच नंबर, पुढे पीपी लिहून, नोकरीच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे देत. त्यांची पोरं तो बोबडं बोलायच्या वयातच पाठ करत. त्यांतल्या कोणी पत्रं पाठवली, ते आजतागायत कळलेलं नाही.

बहिणीने माझ्या अशी कानाखाली काढली की सोळा जणांना न आवरलेला मी मटकन खाली बसलो.

घरी ती थेट बाबांपुढे उभी राहिली. "पत्रं मी लिहिली नाहीत. पासवर्ड याने ठेवला, तोही अख्ख्या कॉलनीला पाठ असलेला. बंद करायचं तर याचं कॉलेज करा."

बाबांनी कमरेचा पट्टा सोडला. माझ्या पाठीवर नकाशा उमटला. मध्ये पडलेल्या आईच्या मनगटावरही एक वळ उठला, तेव्हा कुठे ते थांबले. धापा टाकत बहिणीला म्हणाले, "उद्या कितीचं लेक्चर?"

"साडेसातचं."

"वेळेवर जा."

लेक्चरनंतर तिने मलाच कॅफेत नेलं, त्याच खोक्यात. नवीन पासवर्ड टाकायच्या आधी म्हणाली, "दादा, तोंड भिंतीकडे कर."

मी केलं. नाकात कापूस घातलेल्या मालकानेही, कोणी न सांगता, केलं.