आलेखातला बुटका खांब

जर्मन सरांच्या वर्गात ‘समजलं’ म्हणायला मनाई होती. कोणी म्हटलंच तर ते खडू खाली ठेवत आणि विचारत, “काय समजलं थे सांग. नाई तं नाई समजलं म्हन, मले काम भेटते.” आमच्या महाविद्यालयात बाकी सगळीकडे, मी शिकवत असलेल्या मराठीच्या वर्गातही, सगळ्यांना सगळं समजत असे. त्यामुळे त्यांचा वर्ग थोडा बदनाम होता.

ते अकोल्याचे. तरुणपणी एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन इंजिनियरांच्या हाताखाली होते. तिथे भाषा उचलली, पुढे रीतसर परीक्षा दिल्या आणि अमरावतीला आमच्याकडे तासिका तत्त्वावर लागले. घरी उर्दू, अकोल्याहून येता-जाता गाडीत वऱ्हाडी, वर्गात जर्मन आणि वऱ्हाडी दोन्ही, आणि प्राचार्यांसमोर गप्प, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. पहिल्या दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिल्याचं आठवत नाही.

दर शनिवारी ते टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवत. या आठवड्यात मास्तरचं काय चुकलं, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव न घालता. सोमवारी ते चिठ्ठ्या मोठ्याने वाचत, आकाशवाणीवर बाजारभाव वाचतात तशा. “सर फार भरभर बोलतात.” आणि लगेच स्वतःचं उत्तर, “बरोबर हाय, मले गाडी पकडाची रायते.” “मागे ऐकू येत नाही.” तो आठवडा त्यांनी मागच्या भिंतीला पाठ लावून शिकवलं. पुढच्या सोमवारी पहिल्या बाकाने तक्रार केली, तीही त्यांनी वाचली.

त्यांच्या वर्गात बहुतेक मुली नर्सिंगच्या होत्या. जर्मनीत नोकरी मिळते, पण भाषेची परीक्षा आधी पास व्हावी लागते. एका चिठ्ठीत कोणीतरी लिहिलं, “पुस्तकातले लोक सदा कॉफी मागतात. मले तिथं म्हाताऱ्याले कुशीवर वळवाचं हाये.” ती वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून जात होतो तेव्हा जर्मन सर दोन बाक जोडून आडवे झालेले दिसले. अंगावर कोणाची तरी ओढणी, आणि ते जर्मनमध्ये कण्हत होते. भातकुली गावाहून येणारी एक मुलगी त्यांना कुठे दुखतंय ते विचारत होती. मला पाहून ते पडल्यापडल्याच म्हणाले, “सर, आज मी पेशंट होये. सलाम घ्या.”

त्याच वर्षी महाविद्यालयात गुणवत्ता कक्ष स्थापन झाला. मी मराठीचा, आकडेवारीशी संबंध नसलेला, म्हणूनच बहुधा मला त्याचा समन्वयक नेमलं. माझ्या टेबलावर पितळी पाटी आली. विद्यार्थी-समाधानाचा फॉर्म मीच तयार केला: दहा प्रश्न, प्रत्येकासमोर एक ते पाच. प्राचार्यांनी जाहीर केलं, की जर्मनसारख्या ज्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचं समाधान सर्वांत कमी भरेल, तो पुढच्या वर्षी बंद.

बाकीच्या विभागांचे फॉर्म आले. पाचच्या चौकटीत वरून खालपर्यंत सरळ रांग, बऱ्याच ठिकाणी एकाच पेनाने. कसे भरून घेतात ते सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. जर्मनच्या फॉर्मांवर मात्र दोन होते, तीन होते, आणि पाठीमागे बारीक अक्षरात मजकूर होता: बोलायचा सराव कमी पडतो, ऐकायच्या धड्यांचा आवाज खरखरतो, पत्रलेखनाला आणखी तास हवेत. डब्यात टाकायच्या त्या चिठ्ठ्याच होत्या. मुलींना सवय लागली होती.

मी गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेलो. “सर, पुन्हा भरून घ्या. सगळे तसंच करतात.”

भातकुलीची मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, “द्या ना सर, आमी पाच-पाच करून देतो. कोर्स बंद झाला तं आमी कुठं जाऊ?”

“कावून पाच? मी काय एका दिवसात सुधरलो?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दोन वर्सं मी यायले खरं लिवा म्हनलं. आता आपल्या नोकरीसाठी खोटं लिवा म्हनू? तुमी म्हना सर, तुमचा फॉर्म हाये.”

मी गठ्ठा उचलून परत आलो. कोरे फॉर्म माझ्या कपाटात होते, पेनही होता. पण मीही ते भरले नाहीत. जर्मनचे कमी आकडे कसे वाचायचे याबद्दल चार ओळींचं टिपण जोडता आलं असतं, पण अहवालाच्या नमुन्यात टिपणाला जागा नव्हती. मी आलेख काढला. त्यात जर्मनचा खांब सर्वांत बुटका होता. संगणकाने त्याला आपणहून लाल रंग दिला.

तासिका तत्त्वावरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “फॉर्म चांगला होता, सर. फक्त भरून झाल्यावर वाचत जा.” टोमणा होता की सूचना, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी महाविद्यालयाचं सरासरी समाधान वाढलं. सर्वांत कमी आकडा काढून टाकल्यावर ते वाढणारच. पाहणी समितीने कौतुक केलं, मला पुष्पगुच्छ मिळाला, मी तो घेतला, फोटो निघाला. सर अकोल्यात घरीच वर्ग घेतात असं कळलं. वाटेवरच्या मूर्तिजापूरकडच्या आमच्या दोघी विद्यार्थिनी तिथे जातात.

मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून राजापेठेजवळच्या एका दवाखान्यात गेलो होतो. दंडाला पट्टा बांधायला भातकुलीची तीच मुलगी आली. मी विचारलं, “जर्मन कसं चाललंय?”

“बंद हाये, सर. ड्युटी करून अकोला जमत नाई.” तिने फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं, पट्टा सोडला आणि फॉर्मवरच्या चौकटीत नुसता आकडा लिहिला.

“नॉर्मल हाये, सर,” ती म्हणाली.