अकरा नंबरची शिवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला ती जाईपर्यंत नाही, चर्चमध्ये गुडघे टेकून डोळे मिटले तरी नाही — तिथे तर मी हुशारीने दुसरीच पापं पुढे करत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? कारण शैला आज तिसगावहून येते आहे. नगरला गाडी बदलून साडेबारापर्यंत पोहोचेल. आणि सकाळपासून माझ्या हातून एक टाकाही पडलेला नाही.

आधी जर्सींचं सांगते. हो, टाळतेच आहे मी — पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

श्रीरामपुरात माझं शिवणाचं दुकान आहे. पाटीवर नावाखाली ‘राष्ट्रीय रग्बी खेळाडू’ असं लिहिलंय. ते खोटं नाही, मी देशाकडून खेळलेय. आमची त्या वेळची कप्तान आता मुलींच्या संघाच्या जुन्या जर्सींचं प्रदर्शन भरवते आहे. डागडुजीला सगळ्या तिने माझ्याकडे पाठवल्या, आणि प्रत्येकीखाली लावायची माहितीची चिठ्ठीही मीच लिहायची. अलीकडच्या जर्सी अंगाला अशा चिकटणाऱ्या, की चिमटीत धरायला कापड मिळत नाही. त्याआधीच्या पातळ, झुळझुळीत. आणि सगळ्यात जुन्या आमच्या — जाड सुती, पांढऱ्या कॉलरच्या, रबरी बटणांच्या. बटणं रबराची का? तर पडताना कुणाला लागू नये म्हणून. बटणाचीसुद्धा एवढी काळजी, बघा.

त्या पहिल्या बारा जर्सी — सात जणी मैदानात, पाच राखीव — पुरुषांच्या मापाच्या निघाल्या. आम्ही पुण्यात सराव शिबिरात होतो, चार दिवसांवर स्पर्धा. रग्बीत अंगावरचं सैल कापड म्हणजे समोरचीच्या हाती दिलेला कासरा. पळणारीची जर्सी मुठीत आली की तिला हवी तशी फिरवता येते. कप्तानाने विचारलं, शिवता कुणाला येतं? मी हात वर केला. मी शिंपिणीची लेक ना!

आईची पद्धत होती. आधी माणसाच्या अंगावर कपडा आत घेऊन हाताने कच्चा टाका घालायचा, फिटिंग बघायची, मग त्याच रेषेवर मशीन मारायची. आणि कच्च्या टाक्यात गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, असा तिचा दंडक होता. मी बाराही जर्सींना बगलेपासून कमरेपर्यंत कच्चे टाके घातले. मुली आरशासमोर वळून वळून बघत होत्या. शैलाला तर तिची जर्सी अंगावरून काढवेना.

शैलाला मैदानावर आणली मीच. तालुक्याच्या कबड्डीत बघितली होती, म्हटलं ही पोरगी वारा आहे. वर्षभरात ती माझ्याच जागेवर खेळायला लागली. कडेची जागा, नुसतं पळायचं. संघ लागला तेव्हा अकरा नंबर तिचा, आणि मी राखीव. मी तिला मिठी मारली, पेढा भरवला. आतून काय होत होतं? जळत होते मी. दुसरा शब्द नाही.

अकरा जर्सींवर मशीन मारून झाली. तिची शेवटी घेतली. डावी बाजू पक्की केली. उजवी मशीनखाली सरकवली, सुई कापडात उतरवली — आणि पुन्हा वर घेतली. दोरा तुटला नव्हता. मी दमले नव्हते. विसरले असते तर किती बरं झालं असतं, पण मी विसरले नाही. घडी घालून ती जर्सी तिच्या खाटेवर ठेवली आणि जेवायला गेले. पोटभर जेवले.

दुसऱ्या सामन्यात शैला चेंडू घेऊन सुटली. एका मुलीचा हात तिच्या कुशीवर पडला, टाके उसवले, आणि आतलं सगळं कापड बाहेर आलं. त्या मुलीने ते मुठीत धरून तिला फिरवलं. पाय जमिनीत रुतलेला, अंग वळलेलं. आवाज बाकावर मला ऐकू आला. बदली खेळाडू म्हणून मैदानात कोण गेलं, हे सांगायला हवं का?

सगळे म्हणाले, कापडच भिकार. मीही म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची! नगरला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आठ दिवस उशाशी मी होते. अजून तिसगावात ती भेटेल त्याला सांगते, “सुवार्तानं सख्ख्या बहिनीवानी केलं माझं.” मी पुढे दोन वर्षं खेळले. तिला अजून उकिडवं बसता येत नाही. शेतात एक पाय आडवा टाकून, सरकत सरकत खुरपते.

ती जर्सी तिने न धुता, न शिवता पेटीत ठेवली होती. गेल्या आठवड्यात पाठवली आणि फोन केला. “सुवे, तूच शिवलीती ना? मग तूच नीट कर. दुसऱ्या कुनाच्या हाती द्यायची न्हाई मला. लावायच्या आधी मी येते बघाया.”

उलटी करून बघितली, तर कच्च्या टाक्याचे तुकडे अजून तिथेच. लांब लांब, माझ्याच हाताचे. मशीनच्या सुईचं भोक त्या रेषेवर एकही नाही. बाकीच्या अकरांना आतून पक्की शिलाई आहे, शेजारी ठेवल्या की आंधळ्यालाही कळेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी मी आठ दिवस दचकते आहे. दारात सावली पडली तरी.

आता एक शिलाई मारली की संपलं. दोन मिनिटांचं काम. आज तीनदा जर्सी मशीनखाली घेतली. मला भीती वाटते. शैलाच्या रागाची नाही हो, ती रागावणार नाही कदाचित, नुसती बघत राहील. त्या बघण्याची.

चिठ्ठी लिहून झाली आहे. ‘पहिला संघ, अकरा नंबर. उजव्या बाजूला मशीनची शिलाई नाही. सुवार्ताने ती जाणूनबुजून मारली नाही.’ अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं.

सव्वाबारा झालेत. जर्सी उलटी करून टेबलावर पसरली आहे, चिठ्ठी तिच्यावर. शैलाला बसायला उंच खुर्ची काढून ठेवली आहे. मशीनवर झाकण घातलं आहे.